पणजोबांचा रिकामा रकाना

आता हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणजे लाज वाटते असं नाही, होती नव्हती ती लाज त्याच वर्षी संपली. पण लोकांची ठरलेली लग्नं कशानं मोडतात? मानपानावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात, कुणी कुणाच्या मामाला पानसुपारी दिली नाही म्हणूनसुद्धा मोडतात. माझं मोडलं ते माझ्या सुरेख हस्ताक्षरामुळं. हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, उगाच अंगावर सांडेल.

महायुद्ध संपलं आणि मी पलटणीतून सुटून घरी आलो. गाव आमचं खंडाळ्याजवळ. घाटातलं, हवा खायचं खंडाळा नव्हे, आपलं साताऱ्याचं. चार वर्षं सर्जेराव लढाईत होता असं सारं गाव समजत होतं आणि गावाचा गैरसमज दूर करायला मी काही गेलो नव्हतो. तुम्हाला म्हणून सांगतो, मी हवालदार क्लार्क होतो. बंदूक मी फक्त यादीत लिहिली. आमच्या साहेबानं मला एकच गोष्ट शिकवली, की फॉर्मातला रकाना रिकामा ठेवायचा नाही. एखादा माणूस हरवला तर साहेब समजून घ्यायचा, पण रकाना रिकामा दिसला की त्याचा चेहरा लाल व्हायचा.

ही सवय मी पेटीत घालून घरी आणली. गोठ्यातल्या जनावरांची यादी केली, नाव, वय, रंग, स्वभाव. आईच्या फडताळातल्या बरण्यांना नंबर दिले. आठ दिवसांत आई आबांना म्हणाली, "ह्याचं लगीन करा, न्हाईतर मी म्हायेरला जाती."

आबा म्हणजे आमचे वडील. साठीचे, रागीट, पण राग टिकवता न येणारे. त्यांनी विट्याच्या माझ्या मामाला निरोप धाडला आणि मामानं पंधरा दिवसांत स्थळ आणलं. माधवनगरपासून दोन कोसांवरचं गाव. तात्या म्हणून मोठे बागायतदार, पन्नाशीचे, कृष्णेकाठी वीस एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. एकुलती एक मुलगी, इंदुमती. देवकाचंही मामानं आधीच पाहून घेतलं होतं. एकाच देवकाची माणसं म्हणजे एकाच रक्ताची, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं कळंब, त्यांचं सूर्यफूल. म्हणजे कसलीच आडकाठी नाही.

आम्ही लोणंदला गाडी धरली, माधवनगरला उतरलो आणि तात्यांनी पाठवलेल्या बैलगाडीतून मुलगी बघायला गेलो.

मुलगी येऊन बसली. मी रिवाजाप्रमाणं जाजमाकडं बघत बसलो. मामानं कोपरानं ढोसलं. "इचार की रं कायतरी. मुका हाईस व्हय?"

आता बायकांशी बोलायची सवय कुणाला होती? मला प्रश्न माहीत होते ते भरतीच्या फॉर्मातले. तोंडातून तेच बाहेर पडले.

"नाव?"

"इंदुमती."

"वय?"

"एकुनीस."

"शिक्षण?"

"मराठी सातवी."

"ओळखीची खूण?"

माजघराच्या दाराआडून कुणीतरी फिस्सकन हसलं. मामानं कपाळाला हात लावला. इंदुमतीनं मात्र मान वर केली, सरळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "डाव्या पायाला सा बोटं हायती. लिवून घ्या."

आणि मी घेतलं! खिशातून डायरी काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहिलं, 'डाव्या पायास सहा बोटे.' मघाचं फिस्सकन आता खदाखदा झालं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या मुलीनं आपण होऊन 'लिवून घ्या' म्हटलं, तिच्याशिवाय दुसरी कुणी मला चालणार नाही हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. चार वर्षांच्या नोकरीत मला असं सहकार्य कुणी दिलं नव्हतं.

आबा तर खूश होऊन गेले. त्यांनी धोतर जरा वर ओढलं आणि आपला डावा पाय जाजमावर पुढं केला. "ह्ये बगा तात्या. मलाबी साच हायती."

सगळे वाकून बघायला लागले. खरंच सहा. अंगठ्यापासून मोजा नाहीतर करंगळीपासून मोजा. मामा म्हणाला, "आवं, सासऱ्या-सुनंचं देवानंच जमवून धाडलंय." बायका म्हणाल्या, लक्ष्मीची खूण. सगळ्यांनी तो शुभशकुन मानला. माझ्या स्वतःच्या पायाला पाचच बोटं, त्यामुळं मला जरा कमीपणाच वाटला.

तात्या मात्र हसले नाहीत. आबांच्या पायाकडं ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सावकाश सुपारी कातरली आणि विचारलं, "तुमचं घरानं कितव्या पिढीपातूर म्हाईत हाय तुमास्नी?"

आबा काही बोलायच्या आत मी छाती काढून म्हणालो, "सात पिढ्या."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना तीन माहीत होत्या.

"मंग लिवून आना," तात्या म्हणाले. "साखरपुड्याला चार मान्सांत वाचून दावा. तवा सुपारी फोडू. मला दुसरं काय नगं. ना मानपान, ना वरात. फकस्त घरान्याची नावं येवस्थित पायजेत."

मला सांगा, अशी अट मला घालायची म्हणजे मुंगळ्याला गुळाच्या ढेपेवर बसवून 'आता खाऊन दाखव' म्हणण्यासारखं नाही का?

घरी आलो आणि कामाला लागलो. फुलस्केप कागद आणले, लाल शाईनं समास आखले. रकाने पाडले, नाव, वडिलांचं नाव, बायको कुठल्या गावची, व्यवसाय, मृत्यूचं साल, मृत्यूचं ठिकाण, शेरा. गावातल्या म्हाताऱ्यांकडं बसलो, देवळातल्या पायरीवरचं नाव उतरून घेतलं, गुरवाच्या आजीकडून दोन पिढ्यांच्या सुना मिळवल्या. दीड महिन्यात सातही पिढ्या ओळीनं उभ्या राहिल्या. राहिला एक माणूस. राणोजी, माझे पणजोबा, म्हणजे आबांचे आजोबा.

हा राणोजी तरुणपणी बायको आणि दोन वर्षांचं पोर घरात ठेवून मोरसला गेला. मोरस म्हणजे मॉरिशस बेट. त्या वेळी पांढऱ्या साखरेला आपल्याकडं मोरसच म्हणायचे, कारण ती तिकडून यायची. तिकडं ऊस तोडायला माणसं लागायची आणि दलाल गावोगाव फिरून ती गोळा करायचा. राणोजी गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी दर्भाचा पुतळा केला आणि त्यालाच अग्नी दिला.

पण पुढची गंमत ऐका. दहाव्या दिवशी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. भावकी हात जोडून उभी. "राणोजी, तुज्या पोराला अंतर देनार न्हाई." कावळा ढिम्म. "बायकूला सांबाळू." ढिम्म. "तुजा बांध कोरनार न्हाई." कोरलेला होता, तो परत सरकवून देतो असंसुद्धा एकजण म्हणाला. कावळा फांदीवर बसून मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. दिवस कलला तेव्हा दर्भाचाच कावळा करून पिंडाला शिववला आणि उपाशी माणसं घरी गेली.

आबा हे सांगताना दर वेळी डोळे पुसायचे. "कायतरी इच्छा ऱ्हायली आसंल रं त्याची."

आज मला वाटतं, सगळ्या गावात त्या दिवशी खरी माहिती एकट्या कावळ्याकडं होती.

तर रकाना. मृत्यूचं साल आणि मृत्यूचं ठिकाण.

"लिव, मोरसला म्येला," आबा म्हणाले.

"साल?"

"तवाच कवातरी."

"आबा, 'कवातरी' असं लिहिता येत नाही."

"का न्हाई येत? म्येलेला मानूस काय उटून येनार हाय 'माजं साल चुकलं' म्हनून? लिव आन मोकळा हो."

मित्रहो, त्या दिवशी मी वडिलांचं ऐकलं असतं, एका रकान्यात दोन शब्द खरडले असते, तर आज ही गोष्ट सांगायला माझ्याशेजारी इंदुमती बसली असती. पण माझा हात चालेना. डोळ्यांसमोर आमच्या साहेबाचा लाल चेहरा यायला लागला.

इजिप्तच्या छावणीत मला मोरसचे काही शिपाई भेटले होते. त्यातल्या एकाचं आडनाव आपल्याकडचं, मराठी तोडकंमोडकं. त्यानं सांगितलं होतं की तिकडच्या सरकारी कचेरीत आलेल्या प्रत्येक मजुराची नोंद आहे, नंबर घालून, चोपड्यांत. हे ऐकून माझ्या अंगावर त्या वेळीच रोमांच उभे राहिले होते. मी बैठक मारली आणि त्या कचेरीला इंग्रजीत चार पानी अर्ज लिहिला. मग मामाला कळवलं, की उत्तर येईपर्यंत साखरपुडा पुढं ढकलावा.

आबांनी तो निरोप ऐकला आणि हातातला तांब्याच आपटला. "आरं, त्या पोरीनं काय तुज्या पंज्याच्या मरनाची वाट बगत बसायचं का?"

एकदा पुढं ढकलला. दुसऱ्यांदा ढकलला. तिकडून तात्यांचं उत्तर मोठं समजूतदार यायचं, 'घाई नाही, शोध पुरा होऊ द्या.' सासरा असावा तर असा, मी म्हणायचो. मामाबरोबर एकदा इंदुमतीचाही निरोप आला, "क्लार्कसायबास्नी सांगा, ओळखीची खून आजून तीच हाय. बदलली तर कळवीन." हा निरोप मी डायरीत लिहून ठेवला आणि पुढं महिनाभर रोज वाचला. तुम्हीही वाचला असता.

पाच महिन्यांनी आबांनी निर्वाणीचं सांगितलं, उत्तर येवो न येवो, तिसऱ्यांदा तारीख बदलणार नाही. आणि नशीब बघा, ज्या सकाळी आम्ही निघालो त्याच सकाळी वेशीवर पोस्टमन भेटला. लांबडा लिफाफा, परदेशी तिकिटं. मी तो छातीशी धरून लोणंदपर्यंत गेलो.

गाडीत बसल्यावर फोडला. नाव बरोबर, बापाचं नाव रायाजी बरोबर, गाव बरोबर. उंची, वर्ण, खूण, नंबर. आणि खाली एक ओळ, की सदर इसम वीस वर्षांनी बोटीनं मुंबईस परत रवाना.

परत! पणजोबा परत आला होता! ज्याला आम्ही जाळलं तो माणूस मुंबईच्या धक्क्यावर जिवंत उतरला होता. या बातमीनं मी इतका हरखलो की बाकीच्या मजकुराकडं माझं लक्षच गेलं नाही. तुम्ही म्हणाल, सगळा मजकूर तर तूच मराठीत उतरवलास. हो, मीच. पण नक्कल करणारा माणूस अक्षरं बघतो, मजकूर बघत नाही. चार वर्षं मी हुकूम नकलले, त्यातला एकही मला आठवत नाही. गाडीत अक्षर हलतं म्हणून मी माधवनगरच्या फलाटावरच्या बाकावर बसून, टाक बुडवून, सगळी नोंद शेऱ्यात उतरवली आणि उरलेला रकाना मोत्यासारख्या अक्षरात भरला. मृत्यूचं ठिकाण म्हणून लिहिलं, 'मुंबईस परत. पुढील शोध चालू.'

"काय आलंय रं त्यात?" आबांनी विचारलं.

"तिथं वाचीन तेव्हा ऐका. आत्ता सांगितलं तर मजा जाईल."

मजा काही गेली नाही, सगळ्यांना पुरून उरली.

तात्यांच्या ओसरीवर जाजम अंथरलेलं. निम्मं गाव आलेलं. रेशनमुळं साखर मिळत नव्हती, त्यामुळं साखरपुडा तात्यांच्या घरच्या गुळावर व्हायचा होता. आम्ही नेलेलं डाळिंबी रंगाचं लुगडं ताटात, शेजारी नारळ, सुपाऱ्या. इंदुमती समोर बसलेली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सात पिढ्या वाचायला लागलो. लोक माना डोलवत होते. वाचत वाचत रायाजीपर्यंत आलो. पाच महिने ज्याच्यासाठी घालवले तो क्षण आता आला होता.

"राणोजी रायाजी," मी आवाज चढवला. "मोरस बेटास गेले. तेथील सरकारी नोंदीप्रमाणे उंची पाच फूट पाच इंच. वर्ण सावळा. ओळखीची खूण, डाव्या पायास सहा बोटे."

वाचलं आणि थांबलो.

हे वाक्य मी कुठंतरी आधी लिहिलं होतं.

ओसरीवर सगळे अनवाणी. आबांनी आपला डावा पाय हळूच धोतराखाली ओढला. समोर इंदुमतीनं आपला डावा पाय लुगड्याखाली ओढला. आणि तात्यांकडं बघितलं तर ते बसल्या जागी नव्हते. ते माजघरात गेले होते.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याची एक डबी होती, गंज चढलेली. "फुडं वाच," ते म्हणाले. "नंबर आसंल. त्यो वाच."

"नंबर दोन, आठ, सहा..." मी वाचायला लागलो.

"येक, चार, नऊ," तात्या म्हणाले.

कागद माझ्या हातात, डबी त्यांच्या मुठीत बंद. त्यांनी ती उघडून बघितलीसुद्धा नाही. नंबर त्यांना पाठ होता.

मग तात्या बोलले ते आबांकडं बघून बोलले. "ह्यो माज्या बाचा नंबर हाय, त्याचा मोरसचा परवाना ह्या डबीत हाय. म्या चार वरसाचा आसताना त्यो वारला. आई सांगायची, त्यो मोरसवरनं आला, गावच्या वड्यापातूर गेला. तितं गुराख्यानं सांगितलं, त्या घरच्या मान्साचे दिवस कवाच घातले, कावळासुदीक शिवला न्हाई. त्यो म्हनला, म्येलेल्या मान्सानं घरात कसं शिरायचं? तसाच मागं फिरला आन हितं किस्नाकाठी आला. आईच्या बानं घरजावय करून घेतला. आडनाव तिकडचं, देवक तिकडचं, सगळं आईकडचं लागलं. त्यानं मरस्तवर गावाचं नाव न्हाई काडलं. म्हनायचा, माज्या गावात म्या म्येलोय."



"श्राद्ध घालतो दरसाल," तात्या म्हणाले. "भटजी इचारतो, बापाचं नाव? सांगतो. आज्याचं नाव? म्या गप. पन्नाशी आली, आज्याचं नाव म्हाईत न्हाई. तुमचा पाय बगितला तवाच खुटखुट लागली व्हती आबा. पर म्हनलं, पोरगं लिवनारं हाय, लिवून आनू दे." मग ते माझ्याकडं वळले. "पुन्यांदा वाच गड्या. माज्या आज्याचं नाव वाच."

"रायाजी," मी वाचलं.

"रायाजी," तात्या म्हणाले आणि पन्नाशीचा तो दांडगा माणूस खांबाला धरून लहान पोरासारखा रडायला लागला.

खरं सांगतो, मीही बाहीनं डोळे पुसले. तात्यांना आजोबा मिळाला म्हणून पुसले की माझी बायको गेली म्हणून, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

कारण ती गेली, हे कळायला मला कुणाची गरज पडली नाही. गरज पडली ती इतरांना. तात्यांच्या शेजारचे एक म्हातारे पुढं सरकले आणि म्हणाले, "आवं पर मंग ह्यो नवरदेव पोरीचा कोन लागला?" सगळे कुजबुजायला लागले. कुणी म्हणे भाऊ, कुणी म्हणे पुतण्या. शेवटी मामा म्हणाला, "त्यालाच इचारा की. कागुद त्याच्याकडं हाय."

आणि मी, हा गाढव, खाली बसलो, पेन्सिल काढली आणि रेघ मारून दाखवली. राणोजींचा पहिल्या बायकोचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. दुसरीचा मुलगा म्हणजे तात्या. म्हणजे तात्या आबांचे चुलते. म्हणजे तात्यांची मुलगी ही आबांची बहीण. म्हणजे माझी... आणि तिथं एक रकाना रिकामा राहत होता.

काय करणार? भरला. 'आत्या.'

शेरा म्हणून खाली लिहिलं, 'सोयरीक अशक्य.' अक्षर फार सुंदर आलं होतं.

यानंतर जे झालं त्याला साखरपुडा म्हणायचं की पंगत म्हणायची की भरतभेट, मला ठाऊक नाही. साठ वर्षांचे आबा उठले आणि स्वतःपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या चुलत्याच्या पाया पडले. तात्यांनी त्यांना उठवून मिठी मारली. दोघंही रडत होते, मधेच हसत होते, आणि मधेच डावे पाय शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवत होते. बाहेर कुणीतरी हलगीवाला बोलावला. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मग आबांना मी आठवलो. "सर्जा, बगतुस काय? पाया पड."

मी तात्यांच्या पाया पडलो.

"आत्याच्याबी."

महिनाभर मी जिच्या निरोपाची पारायणं केली होती तिच्यासमोर जाऊन वाकलो. डोळ्यांसमोर डावा पाय आला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. एकोणीस वर्षांच्या माझ्या आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसू दाबत म्हणाली, "औक्षवंत हो. आन आता तरी रकानं भरायचं बंद कर."

लुगड्याचा प्रश्न राहिला होता. मामा ते उचलून पिशवीत घालणार, तोच आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आनलंच हाय तर म्हायेरचं म्हनून आसू द्या." म्हणजे बघा, आम्ही सासरचे म्हणून घरातून निघालो होतो, अर्ध्या दिवसात माहेरचे झालो. गूळ मात्र मी खाल्ला. भरपूर खाल्ला. दुसरं माझ्या हातात काय होतं?

पुढच्याच वैशाखात इंदू आत्याचं लग्न झालं, विट्याच्या बाजूच्या एका शिक्षकाशी. माहेरची माणसं म्हणून आम्ही चार दिवस आधी गेलो. पाहुण्यांची यादी कुणाकडं दिली असेल? बरोबर. पंगतीत बुंदीही मीच वाढली. नवऱ्या मुलाच्या पानात जरा कमी वाढली, तेवढाच माझा सूड.

तात्या त्या वर्षी पितृपक्षात आमच्या गावी आले. ओढ्यावर पिंड ठेवला आणि भटजींनी बाप, आजा, पणजा अशी तिन्ही नावं विचारली. तात्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितली की पलीकडच्या शेतातली माणसं वळून बघायला लागली. हात जोडून आम्ही मागं सरतोय तोवर कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. आबा म्हणाले, "बगा, मान्साला घरी यायचं व्हतं."  मी कागद काढून मृत्यूचं साल आणि ठिकाण हे दोन्ही रकाने नीट भरून टाकले.

माझ्या लग्नाचं काय झालं म्हणता? ते आत्यानं मनावर घेतलं. नात्यानं मोठी ना, तिचा हक्कच होता. स्वतःच्या सासरच्या नात्यातली एक मुलगी तिनं काढली आणि मला बोलावून घेतलं. दारातच बजावलं, "भाच्या, डायरी माज्याकडं दे. पेन्सिलबी दे. आन इचारलं तेवडंच बोल."

मी बसलो. मुलगी आली. मी मान खाली घातली आणि आधी तिच्या पायांची बोटं मोजली. डावीकडं पाच, उजवीकडं पाच. दोनदा मोजली, मगच तोंड वर करून मुलगी बघितली. मुलगी झकास होती. अजून आहे, आतून तीच हा चहा पाठवतेय.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, "तुमचं घरानं किती पिड्यांचं म्हनायचं, सर्जेराव? पंजोबांचं नाव काय?"

समोरून आत्यानं डोळे वटारले. मी दोन्ही हात जोडले आणि म्हणालो, "पणजोबा? आमच्या घराण्यात आबांच्या आधी कुणी झालंच नाही."